वाकडे टाके

भवानी पेठ, सोलापूर
१२ जानेवारी २०२५

चि. सुवार्तास सलोमी आत्याचे अ. उ. आ. आणि येशूच्या नावात सलाम.

मठाच्या मदर, हे पत्र आधी तुमच्या हातात पडत असेल तर तुम्हालाही सलाम. पुढचं वाचून राग आलाच, तर तुमच्याकडे प्रार्थनेला वेळ भरपूर आहे.

सुवार्ता, तुझं पत्र पोचलं. महिन्याला एकच पत्र लिहायला मिळतं आणि त्यातलं दीड पान तू तिथल्या शांततेवर घालवलंस! सहा महिने राहून बघते, मग ठरवते, असं सांगून ऑगस्टमध्ये गेलीस. अजून सहा पुरे झाले नाहीत आणि मठप्रवेशाच्या कपड्यांचं माप पाठवतेस. म्हणजे ठरलंच की.

सिस्टर व्हायला माझी ना नव्हती. आपल्या चर्चमधल्या सिस्टर शाळा चालवतात, दवाखाना चालवतात, त्यांच्या मुलींचे युनिफॉर्म मीच शिवते. तू तर आय.सी.यू.तली नर्स. तसलं काही करायचं सोडून तुला जाळीमागे बसून नुसती प्रार्थना करायची आहे, आणि मरेपर्यंत त्या दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. दादा-वहिनी गेल्यावर तुला एवढ्यासाठी वाढवलं का मी? कापडाचे तागे आणणारे शंकरप्पा परवा विचारत होते, पोरगी हाय कुटं. मी सांगितलं, ट्रेनिंगला हाय. कसलं ट्रेनिंग, असं त्यांनी विचारल्यावर मी मशीन जोरात चालवायला लागले.

आपली काज-बटणवाली मुमताज म्हणते, बाई, सासरी गेली असती तरी गेलीच असती की. मी म्हटलं, सासरहून पोरगी दिवाळीला येते.

राखाडी झगा शिवून सोबत पाठवला आहे. नीट बघून घे.

लोभ आहेच. तो वाढवू नकोस, आहे तेवढ्यानंच जीव मेटाकुटीला आलाय.

तुझी,
सलोमी आत्या

---

मठातून
३ फेब्रुवारी २०२५

ती. सलोमी आत्यास सा. न. वि. वि.

मदर आमची पत्रं वाचत नाहीत. तुझी पहिली ओळ मीच त्यांना दाखवली. त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या की आत्यांसाठी खास वेळ काढते.

तू विचारतेस, नुसतं बसणं हे काय काम. आय.सी.यू.त इलाज संपले की डॉक्टर पुढच्या खाटेकडे जायचे, मलाही जावं लागायचं. मला तिथंच बसून राहावंसं वाटायचं. त्या बसण्याला काही अर्थ आहे असं मला तेव्हापासून वाटतं. इथं तेच करतात, जगातल्या सगळ्यांसाठी. मला ते नीट जमतं असं मात्र समजू नकोस. पहाटेच्या प्रार्थनेत मला डुलकी लागते, शेजारच्या सिस्टरच्या सपातांचा आवाज डोक्यात जातो, आणि शिंप्याच्या घरची म्हणून मला शिवणातच बसवलंय. हस तू.

आता खरं सांगते. झगा मिळाला. सवयीनं आधी उलटा केला. खालच्या दुमडीचे टाके वाकडे आहेत आत्या, एक वर, एक खाली, दोन ठिकाणी तर सुटलेले. तुझ्या हातचं असं मी कधी पाहिलं नाही. डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू वाढला ना? मला कळवलं का नाहीस? सुईत दोरा कोण ओवतं?

मी आठ दिवस झोपले नाही. तुला दिसेनासं झालंय आणि मी इथं डोळे मिटून बसलेय. मदरांना सांगितलं, मी घरी जाते. त्या म्हणाल्या, मन तिकडं असेल तर खुशाल जा, रागावणार कुणी नाही. १ मार्चला शनिवारी निघते. ५ तारखेला राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो, त्यानंतर ईस्टरपर्यंत इथं पत्र येत नाही आणि जातही नाही. म्हणून त्याआधीच येते.

डोळ्यांत औषध वेळेवर घाल. भेटीत सविस्तर बोलू.

तुझीच,
सुवार्ता

---

भवानी पेठ, सोलापूर
१३ फेब्रुवारी २०२५

चि. सुवार्तास अ. उ. आ.

हे स्पीड पोस्टनं पाठवतेय. बॅग भरली असशील तर वाचून होईपर्यंत खाली ठेव.

तुझं पत्र सोमवारी आलं. मी मुमताजला पेढे आणायला पाठवलं. शंकरप्पांना सांगितलं, ट्रेनिंग संपलं. तीन दिवस माझ्यासारखी सुखी बाई भवानी पेठेत नव्हती. आज मुमताजला पत्र वाचून दाखवलं. तिनं ऐकलं, आणि विचारलं की बाई, ऑपरेशन तर नोव्हेंबरातच झालं ना, रिक्षातून मीच आणलं ना तुम्हाला. मी मशीनचा दोरा बदलायला लागले. काज अर्धे टाकून ती दुपारीच घरी गेली.

माझे डोळे ठणठणीत आहेत. तू काळजी करशील म्हणून ऑपरेशनचं कळवलं नव्हतं. ते वाकडे टाके मी मुद्दाम घातले.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी ठरवून वाईट शिवलं. सोपं नसतं ते. हात ऐकतच नव्हता. दोनदा उसवून पुन्हा वाकडं केलं, कारण आपोआप सरळच येत होतं. मला ठाऊक होतं की तू आधी दुमड बघणार. वरून कपडा सगळेच बघतात, आपण आतून बघायचा, हे मीच तुला शिकवलं. त्याचाच असा वापर केला. मला लाज वाटते.

तू यावंस असं मला आजही वाटतं. रोज वाटतं. दुकान बंद करताना तुझी चप्पल दाराशी आहे का, ते अजून बघते. पण तिथलं तुला पटलं नाही म्हणून ये. माझ्या डोळ्यांसाठी येऊ नकोस, त्यांना काही झालेलं नाही. खोट्यावर घरी आणलेल्या पोरीशी मी रोज जेवायला कशी बसू?

सोबत दुसरा झगा पाठवतेय. सरळ शिवलाय. घालायचा की नाही ते तू ठरव. आणि त्या सिस्टरला सपातांना खालून कापड चिकटवायला सांग, आवाज होत नाही.

माफ कर. लोभ राहिला असेल तर असू दे.

सलोमी आत्या

---

मठातून
२४ एप्रिल २०२५

ती. सलोमी आत्यास सा. न. वि. वि. ईस्टरच्या शुभेच्छा.

तुझं स्पीड पोस्ट दोन आठवडे फिरून २७ फेब्रुवारीला मिळालं. बॅग दाराशी होती. मी इतकी संतापले की तू समोर असतीस तर काय बोलले असते कोण जाणे. मग रडले. मग पाहिलं, तर घरी जाण्याचं कारण उरलं नव्हतं, आणि तरी जाता येत होतं. दार उघडं होतं. मी बॅग आत नेली.

फेब्रुवारीचं पत्र संपलं होतं आणि मार्चचं लिहीपर्यंत राखेचा बुधवार आला; चाळीस दिवस तुला हे कळवता आलं नाही, हीच माझी खरी तपश्चर्या झाली.

११ मे, रविवारी माझा मठप्रवेश आहे. मदरांनी दोन्ही झगे समोर ठेवून कुठला घालणार असं विचारलं. मी वाकडा घेतला. मला थांबवण्यासाठी तू स्वतःचा हात खराब केलास. इतक्या मायेनं माझ्यावर आजवर कुणी रागावलं नाही. तो अंगावर घालूनच मला आत जायचंय.

तू येशील ना? लोभ अजिबात कमी झालेला नाही.

सुवार्ता

---

भवानी पेठ, सोलापूर
३० एप्रिल २०२५

चि. सुवार्तास अ. उ. आ.

अगं, तुला अक्कल आहे का? सगळ्या मठासमोर, फादरांसमोर, सुटलेल्या दुमडीचा झगा घालून चालणार? आत गळ्यापाशी माझ्या दुकानाचं लेबल आहे, ते तरी काढलंस का? मुमताजला सांगितलं तर ती हसत सुटली. पेढे परत आणा म्हणते.

आजचा दिवस सगळा रडण्यात गेला. युनिफॉर्मचे गठ्ठे तसेच पडलेत. शंकरप्पांना काय ते खरं सांगून टाकलं. त्यांनी तागा खाली ठेवला आणि ते म्हणाले की आमच्या नातवाची परीक्षा हाय, प्रार्थनेत घ्यायला तिला त्याचं नाव सांगून ठेवा.

तू ऐकणार नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून मी आदल्या दिवशी, १० तारखेला शनिवारीच येतेय. मदरांना एवढं विचारून ठेव की त्या जाळीतून सुई धरलेला हात आत जातो का. जात असेल तर तू झगा घालून जाळीला लागून उभी राहा. बाकी काही बोलायचं नाही मला. दुमड सरळ करून देते, मग जा.

सलोमी आत्या