हळदकुंकू लावलेले स्केट्स

प्रिय हिमानी,

काल ट्रॉयच्या मराठी मंडळात तुझ्या सत्काराची शाल तुझ्या बाबांनी स्वतःच्या खांद्यावर पांघरून घेतली आणि मला किळस आली, म्हणून हे लिहिते आहे.

संक्रांतीचा कार्यक्रम होता. टेबलावर तुझे जुने फिगर स्केटिंगचे बूट मांडलेले, पात्यांना हळदकुंकू लावून. मागे शाळेतला तुझा चमकीच्या फ्रॉकमधला फोटो. बॉबस्लेचा एकही नाही. अमेरिकेच्या संघात तू आलीस ती बर्फावरची गाडी ढकलून. पण हेल्मेट घातलेली, दणकट मांड्यांची मुलगी भाऊजी कशाला दाखवतील! गुडघ्यापायी स्केटिंग सोडून तू ही गाडी धरलीस तेव्हा चारचौघांत "परी होती, हमाल झाली" म्हणणारे हेच. त्यानंतर दोन वर्षं तुला फोन नाही.

काल माइक हातात आल्यावर म्हणतात, "वजन वाढवायचं होतं ना, मीच तिला तूपभात भरवला!" टाळ्या पडल्या. मला त्यांच्या घरची ती शेवटची संक्रांत आठवली. बॉबस्लेच्या कोचने तुला वजन वाढवायला सांगितलं होतं आणि ह्यांनी तुझ्यापुढची तिळाच्या लाडवांची ताटली उचलून फ्रिजवर ठेवली. तुझी आई जिवंत असती तर ताटलीच काय, फ्रिजही खाली आणला असता तिने.

मग जाहीर केलं, पुढच्या रविवारी हिमानी येणार, मंडळाच्या मुलांना रिंकवर स्केटिंग करून दाखवणार. अध्यक्ष पद्मिनीताईंनी विचारलं, "अहो, पण तिचा गुडघा?" तर म्हणे, "बापासाठी एवढं करेल ती!" मी उठले आणि सगळ्यांदेखत स्केट्स माझ्या पिशवीत टाकले.

परवा तू फोनवर विचारलंस, "मावशी, बाबांनी स्वतःहून फोन केला गं. जाऊ का?" सहा वर्षांच्या पोरीसारखा आवाज होता तुझा. त्याच रविवारी जागतिक स्पर्धेच्या निवडीची शर्यत आहे, हे त्यांना ठाऊक आहे. मी तोंडावर विचारलं. "एक रेस कॅन्सल केली तर काय बिघडतं?" म्हणाले. तेव्हा माझं उत्तर ऐक: येऊ नकोस. लेक हवी असेल तर त्यांनी तिकडे यावं, थंडीत उभं राहावं आणि तुला गाडी ढकलताना बघावं.

तुझीच,
वीणामावशी

ता. क. शेजारची आश्लेषा तुझी शर्यत बघायला लेक प्लॅसिडला निघाली आहे. तिच्या हाती दिलं ते असं: स्केट्स एक जोड, कुंकू पुसून. तिळाचे लाडू, डबा भरून. शाल भाऊजींकडेच आहे.