तिकोन्याची काठी

रविवार, दिवेलागण झाल्यावर

काठी दाराच्या कोपऱ्यात उभी आहे आणि माझं लक्ष सारखं तिच्याकडेच जातंय.

यांच्या बायपासनंतर आज पहिल्यांदाच आम्ही दोघं तिकोना चढलो. पायथ्याशी झाडाला काठ्या टेकवून ठेवलेल्या असतात. चढणाऱ्याने एक घ्यायची, उतरल्यावर पुढच्यासाठी तिथंच ठेवायची. ताक विकणाऱ्या मावशींनी यांच्या हातात एक दिली, तर हे फुरंगटले. "मी काय म्हातारा झालो?"

"म्हातारी माणसं गड चढाय येत न्हाईत, भाऊ. धरा ही," मावशी म्हणाल्या.

शेवटच्या उभ्या पायऱ्यांवर यांना धाप लागली. मी घाबरले, परत फिरू म्हटलं. हे काठीवर रेलून थांबले, चढले, पुन्हा थांबले. वर पोचल्यावर पवना धरणाच्या पाण्याकडे बघत नुसते बसून राहिले.

ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी नवस वगैरे काही बोलले नव्हते. एवढंच म्हटलं होतं, या माणसाची कुरकुर पुन्हा ऐकू दे. आज पायथ्यापासून माथ्यापर्यंत ऐकली. देवा, भरून पावले.

येताना गाडी मी चालवत होते. कामशेतजवळ बघते तर काठी यांच्या गुडघ्यांमध्ये!

"अहो, ही तिथं ठेवायची होती ना?"

"राहिली चुकून."

चुकून? दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

आत्ता चहा पिताना म्हणाले, "पुढच्या रविवारी नेऊन ठेवू परत." मग कप खाली ठेवत, "वर जाऊन आल्यावर."