बाबांचं जाळं खुंटीवर

अर्जुनी मोरगाव तालुका,
१५ सप्टेंबर २०१४

चि. लोकेश,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. पोळा झाला, धान निसवायला लागलाय, आपली बोडी पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरली आहे. बाबा बरे आहेत. जेवतात, झोपतात.

फोनवर हे सांगता येत नाही, ते शेजारीच बसलेले असतात. म्हणून लिहिते.

तू समुद्राकाठी खारफुटीच्या रोपवाटिकेत लागलास, तेव्हा पत्र धाडलं होतंस. चिखलातल्या त्या झाडांच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात, म्हणून ती तोडायला कायद्यानं बंदी आहे. झाडं राहिली तर कोळ्यांच्या जाळ्यात मासा येतो. ते मी ग्रामसभेत वाचून दाखवलं. इथं खारफुटी कुणी पाहिलेली नाही, पण आपण सगळे मासे धरणारे ढिवर, पिल्लांचं लगेच कळलं. बोडीवर गावाचा हक्क मिळालाच होता. त्याच दिवशी ठराव झाला. आषाढात मासा अंडी घालायला ओढ्यात चढतो, तेव्हापासून पोळ्यापर्यंत जाळं टाकायचं नाही. टाकलं तर जप्त. पहिला हात बाबांनी वर केला. "माह्या पोरानं सांगतलं," म्हणत गावभर फिरले.

बंदी पाळली जाते की नाही ते बघणाऱ्या समितीची सचिव मी. गेल्या वर्षी टिकारामचं जाळं मीच उचलून आणलं होतं. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

यंदा आषाढात तू येणार होतास. कळवलंस, ताई, माशाच्या अंड्यांची गाभोळी खाऊन किती दिवस झाले. थट्टेनंच लिहिलं असशील. मी ते बाबांना वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीच्या अध्यक्ष अनुसयाबाई दारात आल्या. "तुहा बाप जाळं घेऊन ओढ्यात हाय. तू नोको येऊ व, आमी जातो."

मी गेले. टिकारामच्या वेळी गेले होते ना.

बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. टोपलीत दोन मासे. "लोकेश येऊन राहिला," म्हणाले. "त्याले गाभोळी लागते." मी मासे पाण्यात सोडले आणि जाळ्याला हात घातला. त्यांनी ओढलं नाही. "ने, सचिवबाई," एवढंच म्हणाले. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही, आणि त्याचीच भीती वाटते.

तुझी सुट्टी तर मंजूरच झाली नाही. "त्याले सांगू नोको," असं बाबांनी बजावलं होतं. तुला लागावं म्हणून सांगत नाही.

आता बंदी उठली. टिकारामसुद्धा रोज बोडीवर जातो. बाबांचं जाळं ग्रामसभेच्या खोलीत खुंटीवरच आहे. मी दोनदा घरी आणलं. दोन्ही वेळा ते उठून बाहेर गेले, मी परत नेऊन टांगलं. बोडीच्या वाटेनं ते जातच नाहीत.

दिवाळीला ये. तू उतरवून हातात दिलंस तर घेतील. माझ्या हातून नाही घेणार. गाभोळी तेव्हा मिळायची नाही, पण मासा मिळेल.

जेवायला वाढलं की म्हणतात, "भात घाल, सचिवबाई." या पत्राखाली सही करताना आधी हात आपोआप 'सचिव' लिहून गेला. मग खोडलं.

तुझी ताई,
रचना