जीपची दारं मीच करणार

५ जानेवारी, रविवार. सकाळ.
आजपासून काम सुरू. म्हणजे विचार सुरू. जीपचं इंजिन, ब्रेक, रंग, सगळं मेकॅनिकने केलं. मी देखरेख केली. उरली फक्त दोन दारांची आतली पॅनल. ती मीच करणार, असं काल सासऱ्यांसमोर जाहीर केलं. मेहुणाही होता. तो हसला. ठसका लागला असेल.

मुद्दा असा. जीप सासऱ्यांची, पण गेली काही वर्षं आमच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी. सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, मार्चपासून हिंडाफिरायला हरकत नाही. त्यांना याच जीपमधून धरणावर जायचंय, जिथे त्यांची निम्मी नोकरी झाली. तारीख ठरली २ मार्च. जीप कुणाच्या नावावर करायची ते त्या दिवशी सांगेन, म्हणाले. मेहुण्याला ती त्याच्या हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायची आहे. बॉनेटवर कुंड्या ठेवणार म्हणे. मला ती चालवायची आहे. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो, ऑफिसात इकडची फाइल तिकडे करून मला वीट आलाय. मला ती जीप हवी आहे. अगदी लहान पोराला हवी असते तशी.

संध्याकाळ.
व्हिडिओ बघितले. सोपं आहे. एक दाढीवाला माणूस चहा निवायच्या आत दोन्ही दारं करून मोकळा होतो. मी तर चहा गरमच पितो.

१२ जानेवारी, रविवार.
जुनी पॅनल काढली. क्लिपा तुटल्या. त्या तुटायलाच आल्या होत्या.

कुठल्या धांदरटाने ही पॅनल केली होती कोण जाणे. एका स्क्रूचं दुसऱ्याशी जमत नाही. रेक्झिनची शिवण वाकडी. कहर म्हणजे शेजारच्या सीटच्या दाराला धरायला एक जाड कापडी पट्टा, तोही दाराच्या पार तळाशी. ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा वर, हा खाली. मोजमाप नावाची काही चीज असते, हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. आणि एवढ्याशा पट्ट्याला दाराच्या पत्र्यातून आरपार बोल्ट! हत्ती बांधायचा होता की काय?

बायको सांगायला लागली की हे बाबांनी... मी तिला मध्येच थांबवलं. म्हटलं, बाबांना दोष नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी विश्वासाने कुणाला तरी काम दिलं आणि त्याने त्यांना टोपी घातली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पॅनल भंगारात दे म्हटलं तर बरं म्हणाली. इतक्या पटकन ती कधी बरं म्हणत नाही. माझ्या कामाचा वचक बसायला लागलाय.

१३ जानेवारी, सोमवार.
पाठ धरली. आज फक्त चिंतन.

१९ जानेवारी, रविवार.
फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ड्रायव्हरच्या दाराचा आकार काढला. अप्रतिम आला. बायकोने विचारलं, दुसऱ्या दाराचं माप? तिला समजावलं की दोन्ही दारं एकसारखीच असतात. एक पुठ्ठा, दोन पॅनल. आमच्या ऑफिसात यालाच नियोजन म्हणतात.

२६ जानेवारी, रविवार.
हार्डबोर्ड कापला. जेवणाचं टेबल या कामाला उत्तम, कारण सपाट. थोडं टेबलही कापलं गेलं. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते लिहून ठेवण्याच्या लायकीचं नाही. टेबलक्लॉथ घातला की काही दिसत नाही. मोठ्या कामात असल्या बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं, हे या घरात फक्त मला कळतं.

२ फेब्रुवारी, रविवार.
सीट कव्हरवाल्याकडून क्रीम रंगाचं रेक्झिन शिवून आणलं. आत फोम, वर शंकरपाळ्यासारखी शिलाई. दारं इथेच सोडून जा, बाकीचंही करून देतो, म्हणाला. मी स्पष्ट नाही म्हटलं. श्रेयात वाटेकरी नको.

गोंद लावून पॅनल हॉलमध्ये वाळत ठेवलीत. वासाने बायकोचं डोकं दुखतंय. ती खिडक्या उघडते आणि धूळ नको म्हणून मी लावतो. पण पॅनल बघून माझं मलाच भरून आलं. ऑफिसातल्या लोकांना फोटो पाठवले. साहेबांनी अंगठा पाठवला.

३ फेब्रुवारी, सोमवार.
अर्धी रजा टाकून पॅनल बसवायला घेतली. ड्रायव्हरच्या बाजूचं चपखल बसलं. दुसरं बसेना. बसवलं तर हँडलची भोकं भलतीकडे. भोकं जुळवली तर क्रीम रेक्झिन पत्र्याकडे आणि भुरा हार्डबोर्ड माणसांकडे. बराच वेळ मला काही उमजेना. खाली उतरलो, लांब उभं राहून बघितलं, तेव्हा घोडं कुठे अडलंय ते कळलं. एक दार दुसऱ्या दाराचं उलटं असतं. ही गोष्ट कुठल्याही व्हिडिओत धडपणे सांगितलेली नाही. दाढीवाल्याला कमेंट टाकून झापलं.

बायको गॅलरीतून बघत होती. त्यानेच जास्त संताप आला.

९ फेब्रुवारी, रविवार.
तोडगा निघाला. उरलेलं रेक्झिन मागच्या बाजूलाही चिकटवलं. आता हे पॅनल दोन्ही बाजूंनी देखणं आहे. असं दुसऱ्या कुणाच्या जीपला नसेल. मात्र जाडी वाढल्यामुळे नव्या क्लिपा पोचत नाहीत. लांब स्क्रू आणले. ड्रायव्हरच्या बाजूलाही तेच मारले, एकसारखं दिसावं म्हणून.

१० फेब्रुवारी, सोमवार.
ड्रायव्हरच्या बाजूची काच अर्ध्यावर अडकली. वर जाईना, खाली येईना. एक स्क्रू जरा जास्तच आत गेला असावा. तो काढला तरी काच तशीच. हँडलवर जोर लावला तर हँडल हातात आलं. मी फाटकावर लाथ मारली. फाटकाला काही झालं नाही. मला झालं.

बायकोने विचारलं, हेही डिझाइनमध्ये होतं का? मी सांगितलं, वारा खेळता राहायला हवा.

१६ फेब्रुवारी, रविवार.
पायाचा अंगठा अजून सुजलेला, आणि नेमका आज मेहुणा आला. जीपभोवती फेरी मारली. फोनवर फोटो काढले, विशेषतः अर्ध्या काचेचे. म्हणाला, भाऊजी, तुमचं निवांत चाललंय, बरं वाटलं. त्याच्या हॉटेलचा सुतार मोकळा आहे, हवा तर पाठवतो. मग आपल्या बहिणीला विचारत बसला, बॉनेटवर तीन कुंड्या बऱ्या की पाच. तो गेल्यावर तिला म्हटलं, तुझ्या भावाला जीप म्हणजे बाग वाटते. ती म्हणाली, आणि तुला? मी उत्तर देणार होतो, पण फोन आला. म्हणजे मी फोन केला, सीट कव्हरवाल्याला.

२३ फेब्रुवारी, रविवार.
ऊन वाढलंय. रेक्झिनवर पुऱ्यांसारखे फुगे आलेत. दारं नीट करून द्यायला सीट कव्हरवाला सोळा तारखेपासून आज-उद्या करतोय. आज त्याच्या दुकानात जाऊन ठणकावलं. त्याने शांतपणे माझ्याआधीच्या गाड्यांची रांग दाखवली आणि म्हणाला, तेव्हा दारं सोडून जा म्हटलं होतं. मी तावातावाने निघून आलो. रुमाल तिथेच राहिला, तो आणायला परत जाणं बरं दिसलं नसतं.

घरी येऊन सुईने फुगे फोडले. आता बारीक भोकं दिसतात, पण ती मुद्दाम केल्यासारखी वाटतात.

तरी आजची एक कमाई. धरायला चकचकीत मुठी बसवल्या. दोन्ही दारांना एकाच उंचीवर, बरोबर कोपराशी. त्या जुन्या धांदरटाची चूक सुधारली. आरपार बोल्टबिल्ट काही नाही, हार्डबोर्डलाच स्क्रू. सुटसुटीत.

१ मार्च, शनिवार.
तयार. काच अर्धी आहे, पण उद्या पाऊस नाही. शेजारचं पॅनल वरच्या कोपऱ्यात किंचित सुटलंय, तिथे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. लांबून बघितलं तर शोरूममधली वाटते. बायकोला लांबून बघायला सांगितलं. ती म्हणाली, बाबा लांबून बसणार आहेत का?

उद्या किल्ली हातात मिळाल्यावर काय बोलायचं ते ठरवलंय. फार नाही, दोनच वाक्यं. आवाज थोडा भरून आला तरी चालेल. मेहुण्याला टोमणा मारायचा नाही. जिंकलेल्याने मोठं मन दाखवावं.

२ मार्च, रविवार. संध्याकाळ.
झालं ते लिहितो.

सासरे आले. एका हातात काठी. मेहुणा बरोबर. जीपला फेरी मारली, बॉनेटवर हात फिरवला. रंग चांगला लागलाय, म्हणाले. मग मी शेजारच्या सीटचं दार अदबीने उघडलं. त्यांनी आत बघितलं नाही. काठी माझ्या हातात दिली, पायरीवर पाय ठेवला आणि न बघताच हात खाली नेला, दाराच्या तळाशी. तिथे रेक्झिन. हात दोनदा चाचपडला. मी सांगितलं, बाबा, मूठ वर आहे. त्यांनी हात वर करून बघितला, खांदा तेवढा उचलेना. शेवटी कशीबशी दोन बोटं मुठीत अडकवून त्यांनी अंगाचा भार टाकला.

पॅनल निघून आलं. अख्खं. मुठीसकट, टेपसकट. सासरे मागे कलले. बायको मागेच उभी होती, तिने धरलं. मी काठी धरून उभा होतो.

मेहुणासुद्धा हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं. सासऱ्यांना खुर्ची आणून दिली. ते दाराच्या उघड्या पत्र्याकडे बघत होते. मग मला विचारलं, "अहो, पट्टा होता ना इथे?"

मी सांगितलं की होता, पण फारच खाली होता, कुणीतरी माप चुकवलं होतं.

"मीच लावला होता," ते म्हणाले. "ही लहान होती तेव्हा. मी उचलून बसवलेलं हिला चालायचं नाही. आपली आपण चढायची. हिचा हात पोचेल तिथे लावला."

मी बायकोकडे बघितलं. ती तिथे नव्हती. ती माळ्यावरून जुनी पॅनल उतरवत होती. भंगारात दिलीच नव्हती. चादरीत गुंडाळून ठेवली होती, सगळे बोल्ट एका डबीत. सासरे खुर्चीवरून सांगत गेले, मेहुण्याने बसवली. कुठला स्क्रू कुठे, त्यांना सगळं पाठ. मी डबी धरली. अर्ध्यावरची काचही मेहुण्याने दोन ठोशांत मोकळी केली. त्याला हे येतं हे मला माहीत नव्हतं.

मग सासऱ्यांनी परत पायरीवर पाय ठेवला. हात खाली नेला. पट्टा सापडला. वाकलेल्या माणसाला तो बरोबर हाताशी होता. आपले आपण चढले. बसल्यावर काही वेळ पट्टा सोडला नाही.

किल्ली त्यांनी बायकोला दिली. म्हणाले, जीप हिच्या नावावर. मेहुणा लगेच बरं म्हणाला. मीही म्हणालो. दोन वाक्यं ठरवली होती, त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. बायको स्टेअरिंगवर बसली. तिला जीप चालवता येते हेही मला माहीत नव्हतं. मेहुणा आणि मी मागे समोरासमोर, मांडीवर टिफिन. रस्ता खराब आहे. धरणापर्यंत तो एकदाही कुंड्यांबद्दल बोलला नाही आणि मी पॅनलबद्दल.

धरणावर उतरताना सासऱ्यांनी एका हाताने पट्टा धरला आणि दुसरा हात माझ्याकडे केला. मी पुढे झालो. त्यांनी माझ्या खांद्यावर भार टाकला आणि खाली उतरले. खांदा त्यांना बरोबर उंचीवर मिळाला.

गेल्या दोन महिन्यांत माझं एवढं एकच माप जुळलं. तेही मी घेतलेलं नव्हतं.