आमच्या डोहात भोवरा नाही

तीर्थरूप शंकरमामांच्या पायांवर कडूबाचं डोकं. (अंगात कणकण आहे, म्हणून लांबूनच.) मामींचा गुडघा कसा आहे? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. माझ्यापुरतं हे थोडक्यात निभावलं.

त्याचं असं झालं, सरपंच महादेवरावांना बायकांसाठी नदीवर धुण्याचा घाट बांधायचा आहे, आणि तो स्वतःच्या मळ्यालगत, डोहापाशीच. डोहात भोवरा आहे हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण शेंबड्या पोराची सही चालत नाही, म्हणून तपासायला जिल्ह्याचे इंजिनिअर साहेब आले. त्यांनी पाण्यात पोत्यानं कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, टाकायला लावलं. कुटार जिथं फिरेल तिथं भोवरा. कुटार सगळीकडेच फिरलं! मग साहेब म्हणाले, नुसतं फिरणं म्हणजे भोवरा नव्हे, पाणी वळणावरही फिरतं. फिरणं हे पाण्याच्या ओढीपेक्षा जास्त भरलं पाहिजे. किती जास्त, ते जेवणानंतर ठरणार होतं. महादेवरावांकडे रोडगे आणि वांग्याची भाजी होती, वर तुपाची धार. साहेब जेवून आले तेव्हा मर्यादा इतकी वर गेली होती की अख्ख्या जिल्ह्यात भोवरा उरला नाही.

तरी खात्रीसाठी पुन्हा कुटार टाकायचं ठरलं. टाकणारा मी. (गावानं हे काम मलाच का दिलं, ते विचारू नका.) एवढं कुटार वाया चाललेलं बनाबाईच्या म्हशीला पाहवलं नाही. ती धावली आणि मी डोहात! मामा, नाकातोंडात पाणी, मी गरगर फिरतोय, आणि काठावर साहेब शांतपणे लिहून घेत होते की सदर इसम फिरतो आहे, परंतु ओढला अधिक जातो आहे. शेवटी बनाबाईनं म्हशीचं दावं फेकून मला बाहेर काढलं आणि साहेबांना विचारलं, “भोवरा नाई म्हंता, मंग हा कडूबा काऊन पिंगा घालून राह्यला होता?” साहेबांनी तिला अडाणी ठरवलं. घाट मंजूर झाला.

चीड येते हो. उद्या त्याच पायऱ्यांवर आमची कारभारीण आशाबाई धुणं घेऊन उतरणार. साहेबांची मर्यादा पाण्याला कोण समजावणार?

कानातलं पाणी अजून न निघालेला,
आपला भाचा कडूबा

ता. क. – भूमिपूजनाला साहेबांनी स्वतः डोहात पहिली डुबकी मारावी, असा ठराव मी ग्रामसभेत मांडला. टाळ्या पडल्या.

आणखी ता. क. – साहेबांना सर्दी आहे. म्हणून तो मान, अनुभवी माणूस या नात्यानं, ठराव मांडणाऱ्यालाच मिळाला आहे. तुमच्या गॅरेजात ट्रकची जुनी ट्यूब असेल, तर मोटारीच्या टपावर बांधून गुरुवारच्या आत पाठवा. हवा भरूनच पाठवा. इथं पंप नाही.