लोटनचं साटंलोटं

चाळीसगाव,
रविवार, ४ डिसेंबर १९८८

तीर्थस्वरूप अभिमन नाना यांच्या चरणी झुलालचे दंडवत.

तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप झालं आणि पिंपळनेरला लेकीच्या घरी तुमची बडदास्त उत्तम चालली आहे, हे कळून समस्त मंडळाला आनंद झाला. हिरवी पट्टी निघाली का? डॉक्टरांनी अजून वाचायची मनाई केली असेल तर हे पत्र जावईबापूंनी वाचून दाखवावं. फक्त कंसातला मजकूर आला की आवाज जरा खाली घ्यावा. इकडे थंडी पडली आहे, भरताची वांगी बाजारात आली आहेत, माईची कंबर बरी आहे आणि एकंदरीत सर्व क्षेम आहे. (सर्व म्हणजे घरचं. मंडळाचं क्षेम असतं तर एवढं लांबलचक पत्र कशाला लिहिलं असतं?)

विषय लोटनचा आहे. आपल्या नवयुग क्रीडा मंडळाचा फुलबॅक लोटन धुळ्याच्या गिरणी संघाला देऊन टाकावा आणि बदल्यात त्यांचा लेफ्ट आऊट वना आपण आणावा, की लोटनला ठेवावं, यावर कार्यकारिणीच्या तीन बैठका झाल्या. तिन्ही वेळा चार विरुद्ध चार. सेक्रेटरी या नात्यानं मी तटस्थ राहिलो. (तटस्थ राहणं फार अवघड असतं, नाना. दोन्हीकडचे लोक बोलेनासे होतात.) आता अध्यक्ष म्हणून तुमचं एकच मत शिल्लक आहे आणि जानेवारीत जळगावची स्पर्धा तोंडावर आहे. तुमच्यावर दडपण आणायचा माझा मुळीच हेतू नाही. काय काय घडलं ते तुमच्या कानावर असावं, एवढंच.

लोटनला येऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत आपण सतरा सामने खेळलो आणि चालू खेळात आपल्यावर फक्त तीन गोल झाले, असा फुलबॅक सबंध खानदेशात नाही, हे त्याचे दुश्मनही कबूल करतात. पण आपण केलेले गोल मोजले तर ते दोन भरतात, आणि त्यातला एक समोरच्या बॅकनं घाबरून स्वतःच्याच जाळ्यात घातलेला आहे. म्हणजे दर वर्षी आपला सामना शून्य-शून्य सुटतो, मग पेनल्टी किक लागतात आणि तिथे आपण हरतो. उखर्डूशेठचं म्हणणं, नुसतं अडवून चषक मिळत नाही, गोल मारणारा आणा. फारुखभाईंचं म्हणणं, लोटन गेला तर वनानं दोन मारून काय उपयोग, आपल्यावर सहा होतील. (फारुखभाई टेलर आहेत, उसवण्याआधी टाका घालावा अशी त्यांची वृत्ती.) पेनल्टी हा तर निव्वळ नशिबाचा खेळ, त्यात गोलकीपरला काही करता येत नाही, असं माझं मत मी बैठकीत नोंदवून घेतलं. हे मी गोलकीपर म्हणून बोललो नाही, सेक्रेटरी म्हणून बोललो. बाकी गोलकीपर म्हणून माझी लोटनबद्दल काहीच तक्रार नाही. तो समोर उभा असला की बॉल माझ्यापर्यंत सहसा येतच नाही, आणि मला गोलमध्ये उभ्या उभ्या मंडळाचा पत्रव्यवहार मनात जुळवता येतो.

तर अशाच एका जुळवलेल्या पत्रानं सगळा घोटाळा केला. गिरणी संघाचे सेक्रेटरी रुपचंदभाऊ, वना हा त्यांचाच मुलगा. बोलणी सुरू करायची तर पोस्टकार्ड टाकायचं, आणि पोस्टकार्ड म्हटलं की ते पोचेपर्यंत चार गावं वाचतात. पाचोऱ्याच्या संघाला सुगावा लागला असता तर त्यांनी मध्येच वनाला उचललं असतं. म्हणून मी मोठ्या हुशारीनं फुटबॉल हा शब्दच कार्डात येऊ दिला नाही. लिहिलं ते असं: आमचा लोटन तुमच्याकडे आणि तुमच्या घरातलं एक आमच्याकडे, असं साटंलोटं करावं असं आमच्या वडीलधाऱ्यांच्या मनात आहे. लोटन अंगानं धिप्पाड, निर्व्यसनी, शब्दाला शब्द न देणारा. तुमच्याकडचं चपळ असावं आणि दोन्ही पायांनी सारखंच चालणारं असावं, एवढीच अपेक्षा. आपला, झुलाल. (साटंलोटं हा शब्द मला लोटनच्या नावामुळे सुचला आणि मी त्यावर स्वतःच खूष झालो होतो, हे आता सांगायला लाज वाटते.)

आठ दिवसांत उत्तर आलं. कार्ड पावलं, घरात सर्वांना पसंत आहे, येत्या रविवारी मुलाला घेऊन या म्हणजे बघून घेऊ, सोबत दोन जाणती माणसं असावीत. रुपचंदभाऊंचं अक्षर एवढं वळणदार कधीपासून झालं, असं मनात आलं खरं, पण "बघून घेऊ" म्हणजे मैदानावर चाचणी घेणार, यात मला तिळमात्र शंका वाटली नाही. दोन्ही पक्षांना न्याय म्हणून मी उखर्डूशेठ आणि फारुखभाई दोघांना घेतलं, लोटननं बूट आणि गुडघ्याची पट्टी पिशवीत घातली, आणि गेल्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही चौघे धुळ्याला उतरलो.

दारात रांगोळी होती. धुळेकर खेळाडूंना एवढा मान देतात आणि आपण साधं लिंबूपाणी देत नाही, याचं मला वाईट वाटलं. रुपचंदभाऊ पहिल्या पाळीला गिरणीत गेलेले, वना कुठे दिसेना. घरात त्यांची बायको झुंबरबाई आणि नव्या पातळातल्या चार-पाच बाया. पोहे आले. लोटननं दुसरी बशी घेतली नाही (पुढे पळायचं होतं), तर बाया एकमेकींकडे बघून कौतुकानं माना हलवू लागल्या. मग झुंबरबाईंनी चौकशी सुरू केली. मुलाचा स्वभाव कसा? मी म्हटलं, आपणहून कुणाच्या अंगावर जात नाही, पण अंगावर आलेल्याला पुढे जाऊ देत नाही. जुनं काही दुखणं? उजवा गुडघा, पण दोन वर्षांत कुरकुर नाही. सध्या काय करतो? जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलतो, रोजानं. यावर त्या थोड्या फणकाऱ्यानं म्हणाल्या, "तुम्ही पायसनं लिखेल व्हतं. आमनी पोर दोन्ही पायस्वर उभी ऱ्हास, देखी ल्या." आणि आतून एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. मी कप उचलला. मुलीकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण माझं लक्ष वना येतो का याकडे होतं.

चहा संपताच झुंबरबाईंनी विचारलं, आणि तुमच्याकडची कुठे आहे? मी म्हटलं, आमच्याकडचा हा एवढाच. मग आमच्या वनाला काय, असं त्यांनी विचारल्यावर मी मोठ्या मनानं सांगितलं, वनाला आम्ही आजच घेऊन जातो, राहायची सोय फारुखभाईंकडे आणि जेवण मंडळाकडून. नाना, तुम्ही तिथे असायला हवे होतात. हातातोंडाशी आलेला थोरला मुलगा, त्याला मुलगी न दाखवताच घरजावई करून नेतात म्हणून बायांनी एकच गिल्ला केला. फारुखभाईंनी समजूत घालायला उठून हात जोडले आणि म्हणाले, "बहनजी, दो साल के लिए ही तो ले रहे हैं. नहीं जमा तो वापस भेज देंगे." त्यानंतर जे झालं ते जावईबापूंच्या तोंडून वदवून घेणं बरं नव्हे, म्हणून लिहीत नाही.

नशीब आमचं, की तेवढ्यात रुपचंदभाऊ डबा हातात घेऊन घरी आले. त्यांनी कार्ड पाहिलंच नव्हतं, रविवारी पाहुणे येणार एवढंच त्यांच्या कानावर होतं. ते पाळीवर असताना कार्ड आलं, झुंबरबाईंनी लेकीकडून वाचून घेतलं आणि शेजारणीकडून उत्तर लिहवून घेतलं. पठ्ठ्यानं कार्ड उभ्यानं वाचलं आणि हसत हसत उंबऱ्यावर बसकण मारली. मग सगळेच हसू लागले. हसली नाहीत फक्त दोन माणसं. एक लोटन आणि दुसरी ती चहा घेऊन आलेली मुलगी, शेवंता. ती बालवाडीत शिकवते आणि कुणाची भीड ठेवत नाही. ती बापाला म्हणाली, "हसा, बठ्ठा हसा. पन मी बसेल व्हती तयार व्हईसन, तेनं काय?" आणि नाना, चार वर्षांत मैदानाबाहेर ज्याच्या तोंडून मी "हा" आणि "नही" याखेरीज काही ऐकलं नव्हतं, तो लोटन उभा राहिला आणि म्हणाला, "माले पसंत शे."

पुढचं भराभर झालं. रुपचंदभाऊ व्यवहारी माणूस. ते म्हणाले, मग उत्तमच, लोटनला गिरणीत कायम नोकरी लावतो, तो इकडेच राहील, वना तुमच्याकडे जाईल, घर आणि संघ दोन्ही मार्गी लागतील. उखर्डूशेठ तर हात पुढे करून उभेच राहिले. पण शेवंता मध्ये पडली. "लगीन व्हयनं का पोर सासरले जास. तुमना फुटबॉलमा उलटं शे का? आनि मन्हा बदलामा नही, यासना बदलामा नही, कोनाच बदलामा कोनी देवानं नही. माणूस काय बैल शे, बजारमा बदली लेवाले?" मुलीचा बाप झाल्यावर रुपचंदभाऊंना सेक्रेटरी म्हणून काही बोलता येईना. (येताना गाडीत उखर्डूशेठनी नवीनच टूम काढली, की आता आपण वरपक्ष झालो, तर वना आंदणात मागावा. डब्यात एक वकील होते, त्यांना विचारलं. हुंडाबंदीच्या कायद्यात लेफ्ट आऊट कुठे बसतो हे बघून सांगतो म्हणाले.)

नाना, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, त्या मुलीचं बोलणं मला फार लागलं. आम्ही नऊ जण तीन बैठकांत नऊ तास बोललो, द्यावा की ठेवावा. या माणसानं चार वर्षं आमच्यासाठी अंग झोकून दिलं, आणि त्याला काय हवं ते विचारायचं एकालाही सुचलं नाही. तरी मला वाटतं, यातून चांगलंच निघेल. काय ते तुम्ही ठरवा. मी तटस्थ आहे.

लेकीला व जावईबापूंना नमस्कार, लहानग्यांचे मुके.

तुमचा पुतण्या,
झुलाल

ता. क. – शेतकी संघाच्या गोदामावर राखणदाराची जागा रिकामी झाली आहे आणि तुम्ही संचालक आहात. गिरणीची कायम नोकरी सोडून लोटननं आपल्याकडे रोजानं पोती उचलत राहावं, असं त्याला कोणत्या तोंडानं सांगू? जागा मिळाली तर शेवंता नांदायला इकडेच येईल. खरं सांगायचं तर हे पत्र मी एवढ्याचसाठी लिहायला घेतलं होतं. लोटन गेला तर गोलमध्ये माझं कसं होईल, ही धास्तीही त्यात होती, ती लपवत नाही.

ता. क. – आज मंगळवार. पाकीट टाकायचं राहिलं होतं, ते बरंच झालं. काल लोटनला घरी बोलावून एकदाचं विचारलं, बाबा रे, तुला काय पाहिजे? तो मग म्हणाला, "झुलालभाऊ, माले बी गोल मारानं वाटस. पन मी पुढे जास, तं मांगे कोन शे?" मी म्हटलं, अरे, मी आहे की. तो म्हणाला, "तुम्हीन शेतस, हाईच तं अडचन शे."

नाना, मला रात्रीचं जेवण गेलं नाही. चार वर्षं आपले सामने शून्य-शून्य का सुटले आणि पेनल्टीत आपण का हरलो, हे नऊ जणांच्या कमिटीला कळलं नाही; त्याला पहिल्या वर्षीच कळलं होतं. माझा मान राखायचा म्हणून बोलला नाही.

आज सकाळच्या सरावाला बेकरीतल्या नासीरला गोलमध्ये उभं केलं. त्याचे हात लांब आहेत आणि नजर बॉलवरून हलत नाही. मी लाईनीबाहेर उभा राहिलो. लोटननं दोनदा मागे वळून नासीरकडे पाहिलं, मग बॉल घेऊन निघाला तो मधली रेघ ओलांडून गेला, तीन जणांना झटकलं आणि असा मारला की जाळं खुंट्यांसकट उखडलं. सगळे त्याला उचलायला धावले, तर हा त्यांना चुकवून सरळ माझ्याकडे आला. धापा टाकत म्हणाला, "भाऊ, चार वरीसपाईन हाई करानं व्हतं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

तेव्हा मी तटस्थ नाही. लोटनला ठेवा, नाना. कुणाला द्यायचंच असेल तर मला द्या, आणि बदल्यात काही मागू नका.