लिंबाळीचा फाटका पंख

कोरेगाव, ५ ऑक्टोबर
सकाळी सव्वासात. कढीपत्त्यावर लिंबाळी फुलपाखरू. मॅक्रो लेन्स, श्वास रोखून अकरा फोटो. उजव्या मागच्या पंखाचा तुकडा तुटलेला, बहुधा सरड्याने; तांबडा ठिपकाही त्याबरोबर गेला. सदोष म्हणून फोटो पुसणार होतो. तत्पूर्वी पडद्यावर मोठा केला. फाटलेल्या कडेवर खवले कौलांसारखे उसकटलेले. अखंड पंखावर ते असे कधी दिसले नव्हते. सांगलीच्या प्रदर्शनासाठी हाच.

९ ऑक्टोबर
मुजावरच्या स्टुडिओतून मोठी प्रत आणली. घरी वेष्टन सोडले, तर पंख अखंड. प्रथम संशय स्वतःवर: चुकीचा फोटो दिला? भिंग लावले. दोन्ही तांबडे ठिपके तंतोतंत सारखे. डावा उचलून, उलटा करून उजवीकडे बसवला आहे.
फोन केला. "आवं गुर्जी, फाटकं पाखरू परदर्शनात कोण लावतंय? फुकट नीट करून दिलं, तर वर बोलनी व्हय?"
न विचारता दुरुस्ती. आणखी कशाकशात केली असेल?

१० ऑक्टोबर
दुपारी पत्नीचा, सुलभाचा, फोटो भिंतीवरून उतरवला. ती गेली त्या आठवड्यात मुजावरनेच मोठा करून दिलेला. तिच्या भुवईत लहानपणी पडल्याची खोक होती; तेथे केस उगवत नसत. भिंगाखाली भुवई सलग.
सहा वर्षे या फोटोसमोर बसून चहा घेतो. एकदाही...

१२ ऑक्टोबर
स्टुडिओत गेलो. मु. चिडला नाही, हे अधिक संशयास्पद.
"काकूंचा व्हय? त्ये तुमीच सांगितलंतं."
"अशक्य."
"ह्याच बाकड्यावर बसून म्हनला, फोटो निर्दोष पाहिजे. म्या इचारलं, भुवई बी? तुमी मान हलवली."
विश्वास ठेवला नसता. परंतु 'निर्दोष' हा शब्द त्या बाकड्यावर माझ्याशिवाय कोण उच्चारणार?
मूळ फोटो परत दिला, असे तो म्हणतो. माझ्याकडे नाही. त्याचा जुना कॉम्प्युटर मोडीत गेला. फुलपाखरू मात्र समोर उभे राहून, आहे तसे छापून घेतले.

१४ ऑक्टोबर
घरातील इतर फोटोंत तिचा पदर कपाळावर. आटपाडीस मेहुणी विमलला फोन.
"कंच्या भुवईला खोक हुती म्हंजे? एवढी वर्सं संसार केला दाजी, बघितली न्हाई व्हय कवा?"
तिच्याकडे लग्नापूर्वीचा एक फोटो आहे. मोबाइलवर पाठवते म्हणाली. नको म्हटले, मोबाइलही चेहरे गुळगुळीत करतो. तिचा जावई मंगळवारी इकडे येणार आहे, त्याच्यापाशी देईल.

१६ ऑक्टोबर
फाटका पंख सांगलीस रवाना.
उद्या फोटो येईल. तो पाहून स्मरणशक्तीने सोयीस्कर साक्ष देऊ नये, यास्तव आजच शाईने लिहून ठेवतो: खोक डावीकडे, भुवईच्या टोकाशी, किंचित तिरपी.
डावीकडे म्हणजे तिच्या, की समोर बसलेल्या माझ्या?